पोटातले पाणी जाते कुठे?

चहा, सरबत, शोरबा, साधे पाणी असे सगळे धरले तर आपण दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पोटात घालतो. पण आपल्या लहान आतड्यात रोज उतरणारे पाणी त्याच्या चौपटीहून जास्त, म्हणजे सुमारे नऊ लिटर असते. वरचे सात लिटर शरीर स्वतःच ओतते. लाळ, जठरातला आम्लरस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याच्या अस्तरातून झिरपणारा स्राव, या सगळ्यांचा तो मेळ. आता दुसरा आकडा पाहा. निरोगी माणसाच्या शौचावाटे रोज बाहेर पडणारे पाणी जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप. बाकीचे सगळे पाणी शरीर गाळून, मोजून परत रक्तात घेते. मे महिन्यात तलासरीच्या एखाद्या पाड्यावरची बाई जेवढ्या काटकसरीने हंडा वापरते, तेवढ्याच काटकसरीने आपले आतडे पाणी वापरते.

हा हिशेब एका बाजूला झुकला की जुलाब, दुसऱ्या बाजूला झुकला की बद्धकोष्ठता. पहिल्याने मूल काही तासांत दगावू शकते. दुसऱ्याने सहसा कोणी दगावत नाही, पण आयुष्य कडवट होते. हे पाणी पेशींच्या भिंतीतून आरपार जाते तरी कसे, या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला विज्ञानाला १९९२ साल उजाडावे लागले. ते उत्तर आम्ही या लेखात डहाणू आणि तलासरीच्या संदर्भात मांडत आहोत. कारण तिथे पावसाळ्यातील गॅस्ट्रोची साथ हा दरवर्षीच्या काळजीचा विषय आहे.

पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे, तेलासारखे असते. तेलातून पाणी सहज जात नाही हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तरीही तांबड्या रक्तपेशी, मूत्रपिंडाच्या नळ्या, लाळग्रंथी यांतून पाणी इतक्या झपाट्याने जाते की, ते केवळ तेलातून झिरपते हे अनेक शास्त्रज्ञांना पटत नव्हते. पेशीच्या भिंतीत पाण्यासाठी काही खास वाट असावी, असा त्यांचा जुना संशय होता. पण ती वाट कोणाला सापडत नव्हती.

सापडली ती दुसरेच काही शोधताना. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. पीटर ॲग्रे हे रक्ताच्या ‘आरएच’ गटाच्या प्रथिनावर काम करत होते. आपण रक्तगट सांगताना ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ म्हणतो, ते हेच प्रथिन. ते वेगळे काढताना त्यांच्या हाती वारंवार एक भलतेच प्रथिन येत राहिले. आधी तो मळ वाटला. मग लक्षात आले की, तांबड्या पेशींत आणि मूत्रपिंडात ते विपुल आहे. हे पाण्याची वाट तर नसेल, अशी शंका त्यांचे जुने सहकारी डॉ. जॉन पार्कर यांनी बोलून दाखवली. त्यावर केलेला प्रयोग कोणालाही समजेल असा आहे. बेडकाची अंडी गोड्या पाण्यात पडूनही फुगत नाहीत, कारण त्यांच्या आवरणातून पाणी फारसे आत जात नाही. ॲग्रे यांच्या गटाने अशा अंड्यांत या प्रथिनाचा जनुकीय निरोप टोचला, अंड्यांनी ते प्रथिन तयार केले, आणि मग ती पातळ द्रावणात सोडली. काही मिनिटांत ती फुगून फुटली. ज्यांत तो निरोप टोचला नव्हता, ती जशीच्या तशी राहिली. हा प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रथिनाला ‘ॲक्वापोरिन’ म्हणजे पाण्याचे छिद्र असे नाव पडले आणि २००३ मध्ये ॲग्रे यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. याच ॲग्रे यांनी वैद्यकीय विद्यार्थी असताना जुलाब करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या विषावर काम केले होते. म्हणजे त्यांच्या वाटचालीत जुलाब आधी आला आणि पाण्याची वाट नंतर.

हे छिद्र दिसते मधोमध बारीक झालेल्या वाळूच्या घड्याळासारखे. त्यातून पाण्याचे रेणू एका ओळीत, एकामागून एक जातात. एका सेकंदाला एका छिद्रातून सुमारे ३ अब्ज, म्हणजे ३०० कोटी रेणू जातात. तरीही आम्लाचा कण त्यातून जाऊ शकत नाही. तो गेला असता तर पेशीच्या आतला आणि बाहेरचा आम्लाचा तोल क्षणात ढासळला असता. माणसाच्या शरीरात अशा वाटांचे १३ प्रकार आढळले आहेत. भाताच्या रोपात ३३ आहेत. ज्याला पाय नाहीत, जे उठून सावलीत जाऊ शकत नाही, त्याला पाण्याचा बंदोबस्त आपल्यापेक्षा जास्त बारकाईने करावा लागतो, हे उघडच आहे.

आपल्या पचनमार्गात यांतील बरेच प्रकार आहेत आणि त्यांना क्रमांकांनी ओळखतात. आम्ल तयार करणाऱ्या जठराच्या पेशींत चौथा, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात दहावा, मोठ्या आतड्याच्या अस्तरात तिसरा आणि आठवा, आतड्याला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत पहिला. यांतला तिसरा क्रमांक लक्षात ठेवावा, पुढे सोनामुखीच्या वेळी तो लागणार आहे.

पण इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण आरोग्यावरच्या अनेक लेखांत तो ठासून भरलेला असतो. ॲक्वापोरिन पाणी ढकलत नाही. तो दरवाजा आहे, पंप नाही. दरवाजा उघडा असला म्हणून कोणी घरात येत नाही; आत काही ओढ असेल तर येतो. पाण्याला ओढ असते मिठाची आणि साखरेची. ज्या बाजूला मीठ-साखर जास्त, त्या बाजूला पाणी जाणार. या दरवाजांचे आतड्यात नेमके किती महत्त्व आहे, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. उंदरांतून चौथा प्रकार काढून टाकला तेव्हा त्यांची विष्ठा किंचितच ओलसर झाली, जुलाब झाले नाहीत. आठवा काढला तरी आतड्याचे काम जवळपास सुरळीत चालले. उलट तिसरा प्रकार नसलेल्या उंदरांत आतड्याची सूज जास्त तीव्र झाली, कारण अस्तराच्या झिजलेल्या पेशी भरून यायला तो मदत करतो. लहान आतड्यात तर साखर नेणारे प्रथिनच सोबत पाणी ओढून नेते, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. तेव्हा ‘ॲक्वापोरिन वाढवणारा आहार’ असे काही कोणी विकायला आणले, तर आमच्या वाचकांनी पाकीट आवळून धरावे.

पटकीने शिकवलेला धडा

साखर नेणाऱ्या या प्रथिनाची गोष्ट मात्र वादातीत आहे, आणि तिने कोट्यवधी जीव वाचवले आहेत. लहान आतड्याच्या पेशीच्या तोंडाशी हे वाहक प्रथिन बसलेले असते. त्याची अट एकच. साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, एक रेणू आणि सोडियमचे दोन कण एकत्र आले तरच ते दोघांना आत घेते. नुसते मीठ दिले तर या वाटेने जात नाही, नुसती साखर दिली तरी जात नाही. दोन्ही बरोबर आली की आत जातात आणि मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने हा विचार १९६० मध्ये प्राग येथे मांडला.

त्याच्या एक वर्ष आधी, १९५९ मध्ये कोलकात्यात डॉ. शंभूनाथ डे यांनी पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, गुपित उलगडले होते. त्यांनी कॉलऱ्याचे जिवाणू वाढवलेले द्रव गाळले, जिवाणू बाजूला काढले आणि नुसते गाळलेले द्रव सशाच्या आतड्यात सोडले. आतडे पाण्याने तट्ट फुगले. जिवाणू शरीर पोखरत नाही, त्याचे विष आतड्याचा नळ उघडा टाकते, हे त्यातून कळले. पुढे समजले की या विषामुळे पेशीतील क्षाराचा मार्ग उघडाच राहतो, मीठ आतड्याच्या पोकळीत वाहते आणि त्यामागे पाणी धावते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. तीव्र आजारात मोठ्या माणसाचे तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते.

पण या सगळ्या धुमश्चक्रीत साखर आणि मीठ आत घेणारे ते वाहक प्रथिन शाबूत राहते! जिवाणूचे विष त्याला हात लावत नाही. म्हणजे एका नळातून पाणी बाहेर वाहत असताना दुसऱ्या दाराने ते आत घेता येते. एवढ्याच गोष्टीवर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, उभी आहे.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावण्यांत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायची सलाइन संपली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटे भरली, पिंपात द्रावण केले आणि पेल्यांनी पाजायला सांगितले. पाजणारे बहुतेक आजाऱ्याचे नातेवाईकच. जिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. त्या वेळच्या अनेक नामवंत डॉक्टरांना हे पटत नव्हते. सलाइनच्या बाटलीचा जो दरारा आपल्याकडे आजही आहे, तो त्यांच्याकडेही होता. १९७८ मध्ये मात्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने साखर-मिठाच्या या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ मध्ये वारले; पद्मविभूषण त्यांना मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

जुन्या ओआरएसमध्ये मीठ आणि साखर थोडी जास्त होती. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती कमी केली. आजच्या एक लिटरच्या पाकिटात साधे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. एवढ्या बदलाने मुलांचे जुलाब सुमारे २० टक्क्यांनी आणि उलट्या ३० टक्क्यांनी कमी झाल्या, सलाइन लावायची वेळही एक तृतीयांशाने कमी आली. द्रावण रक्ताहून किंचित पातळ हवे, म्हणजे पाण्याची ओढ आतड्यातून रक्ताकडे राहते, हेच त्यामागचे कारण.

म्हणूनच पाकिटाचे पाणी मोजूनच घ्यावे लागते. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात विरघळवले, तर ते द्रावण इतके दाट होते की, उलट रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते. शीतपेय, डब्यातला फळांचा रस, ग्लुकोजची गोड पूड यांचेही तेच. बाजारातल्या अनेक शीतपेयांचा आणि रसांचा दाटपणा ओआरएसच्या दुपटीहून अधिक असतो. जुलाब झालेल्या मुलाला प्रेमाने पाजलेला असा गोड रस त्याचे जुलाब वाढवतो. काही वर्षे तर अशा गोड पेयांच्या डब्यांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे ठळक छापली जात होती आणि ती औषधाच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. तरीही घरात विकत आणलेला डबा असेल तर त्यावरचे साखरेचे प्रमाण वाचावे, आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे का ते पाहावे.

पाडे, पेज आणि पाणी

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, गुजरातला लागून असलेले तालुके. किनाऱ्याकडे डहाणू, बोर्डी, घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि मच्छीमारांची गावे. पूर्वेकडे डोंगर आणि वारली समाजाचे विखुरलेले पाडे. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवरच्या विहिरी तळ दाखवतात. याच डोंगरांच्या कुशीत सूर्या नदीवर धामणी धरण आहे. त्याचे पाणी नळाने वसई-विरारपर्यंत जाते. धरणाच्या शेजारच्या पाड्यावरची बाई मात्र हंडा घेऊन टेकडी उतरते. यावर स्थानिकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत आणि त्यांचे म्हणणे आम्हाला रास्त वाटते. आतड्याच्या आरोग्यावर लिहिताना धरणाचा विषय आडवाटेचा वाटेल, पण तो तसा नाही. पाणी कमी असले की प्रथम हात धुणे सुटते, भांडे खळबळून धुणे सुटते. मग पहिला पाऊस पडतो, उतारावरची घाण विहिरीत उतरते आणि गॅस्ट्रो सुरू होतो.

आजार होऊच नये यासाठी विहिरीत टीसीएल पावडर आणि घरच्या हंड्यात मेडिक्लोरचे थेंब हे उपाय ग्रामपंचायत आणि आशाताई यांच्या हातात असतात. ‘औषधाचा वास येतो’ म्हणून थेंब न टाकलेले हंडे सगळीकडेच आढळतात. पाणी थोडा वेळ उघडे राहिले की तो वास बराचसा उडतो. लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे मोठे कारण असलेल्या रोटाव्हायरसवरची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती तोंडाने द्यायची असते आणि वयाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात. उशीर केला तर तिची वेळ निघून जाते.

आणि आजार आलाच तर? इथे आम्हाला पेजेबद्दल बोलायचे आहे. वारली घरांत, आणि किनाऱ्यावरच्या आपल्या घरांतही, आजारी माणसाला तांदळाची मीठ घातलेली पातळ पेज देण्याची रीत जुनी आहे. शहरात शिकलेल्या सुनेला ती गरिबीची खूण वाटते. पण तांदळाचा स्टार्च आतड्यात हळूहळू फुटून त्याचे ग्लुकोज होते. त्यामुळे द्रावण एकदम दाट होत नाही आणि वाहक प्रथिनाला साखर थोडी थोडी मिळत राहते. सोबत मीठ असले की ओआरएसचे अर्धे काम झाले. कॉलऱ्याच्या रुग्णांना ग्लुकोजऐवजी तांदळाच्या पिठाचे द्रावण दिल्यावर जुलाबांचे प्रमाण घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि सहकारी २००० मध्ये आणखी पुढे गेले. लहान आतड्यात न पचणारा स्टार्च त्यांनी ओआरएसमध्ये मिसळला. तो मोठ्या आतड्यात पोहोचला, तिथल्या जिवाणूंनी त्याचे आंबवण करून लहान आम्ले तयार केली आणि त्या आम्लांसोबत मोठे आतडे मीठ व पाणी ओढू लागले. कॉलऱ्याचे रुग्ण लवकर सावरले. म्हणजे लहान आतड्याने हात टेकले तरी मोठ्या आतड्यात दुसरी वाट आहे, आणि ती उघडण्याचे काम आपल्या पोटातले चांगले जिवाणू करतात. नाचणीची भाकरी, आंबील, डाळी, भाज्या यांतला न पचणारा भाग म्हणजे याच जिवाणूंचे अन्न.

पेज ओआरएसची जागा पूर्णपणे घेत नाही; पाकीट मिळेपर्यंतचा आणि पाकिटाच्या जोडीचा तो आधार आहे. दोन्ही नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून नवीन करावे. कोणतेही द्रावण २४ तासांनंतर वापरू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवे तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. आपल्या घरांत पाणी बसून, तीन श्वासांत पिण्याची सवय लहानपणीच लावली जाते. उलट्या होणाऱ्या मुलाला तर याहूनही सावकाश पाजायचे असते.

काही घरांत अजूनही जुलाब झाले की मुलाचे पाणी तोडतात, ‘पितो म्हणून जातो’ असे म्हणतात. अंगावरचे दूधही थांबवतात. दिसायला ते तर्काला धरून वाटते, पण मूल त्यानेच वाळते. आईचे दूध थांबवायचे नाही, खाणेही थांबवायचे नाही. सोबत झिंकची गोळी: सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्यांची पट्टी फळीवर राहते, हे घरोघरी घडते. उरलेले अकरा दिवस आतड्याचे अस्तर भरून येण्यासाठी आणि पुढचा आजार टाळण्यासाठी असतात. मोठ्यांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू मागे गेली, पाणी पिता येईना, किंवा शौचात रक्त दिसले, तर घरात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा. डहाणू, कासा आणि तलासरी येथे सरकारी रुग्णालये आहेत, आणि वाटेतही ओआरएस पाजत राहावे.

ही पाकिटे आणि गोळ्या अंगणवाडीत आणि आशाताईंकडे मोफत मिळतात. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना याच मातीतली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, असा तो विचार होता. देशभरातल्या लाखो अंगणवाड्यांचे बीज तिथले.

अडचण आहे ती अंगण सुटण्याची. भात कापून झाला, दिवाळी सरली की पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या कामावर, मच्छीमार बोटींवर पांगतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले सोबत जातात. भट्टीवरच्या झोपडीला अंगणवाडी नसते, आशाताई ओळखीची नसते आणि पिण्याचे पाणी बहुधा ड्रममधले असते. आमच्या वाचकांपैकी काहींचे भट्ट्यांशी, बांधकामाशी, वाड्यांशी नाते आहे. मजूर त्यांच्याकडे कामाला येतात. मुकादमाच्या पेटीत ओआरएसची वीस पाकिटे, झिंकच्या काही पट्ट्या आणि एक लिटरची खूण केलेली बाटली ठेवायला फारसा खर्च येत नाही. जवळच्या उपकेंद्रात मागितली तर पैसेही पडत नाहीत. कुपोषित मुलाचे आतडे आधीच झिजलेले असते. एका जुलाबाने ते आणखी झिजते, आणि झिजलेल्या आतड्याला पुढचे अन्न लागत नाही. ज्या १९९२ मध्ये अमेरिकेत बेडकाच्या अंड्यांवर तो प्रयोग झाला, त्याच सुमारास जवळच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता.

सोनामुखी आणि इसबगोल

आता हिशेबाची दुसरी बाजू. मोठ्या आतड्यात मल जास्त वेळ रेंगाळला की पाणी जास्त शोषले जाते आणि तो कडक होतो. आपल्या घरांत यावर सोनामुखी, म्हणजे सना, हा पिढ्यान् पिढ्यांचा उपाय. हकीमसाहेबांच्या पुडीत ती असतेच, मधासोबत घेण्याची पद्धतही आहे. ती काम कशी करते यावर जपानमध्ये संशोधन झाले. सोनामुखीतील मुख्य द्रव्य आणि बिसाकोडिल हे दुकानात मिळणारे रेचक, या दोन्हींनी उंदरांच्या मोठ्या आतड्यातील तिसऱ्या क्रमांकाचे ॲक्वापोरिन कमी झाले. हा दरवाजा पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असतो. तो कमी झाला की पाणी रक्तात परत जात नाही, मलातच राहते. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने नेमके उलट झाले: ते प्रथिन वाढले आणि मल कोरडा पडला.

म्हणजे सोनामुखी शरीराच्या पाणी परत घेण्याच्या कामातच अडथळा आणते. अधूनमधून घेतली तर ठीक. रोजची सवय मात्र बरी नाही. त्याने पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते आणि अशक्तपणा येतो. गर्भवती भगिनींनी आणि लहान मुलांच्या बाबतीत ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ-घेऊ नये.

इसबगोल वेगळ्या जातीचा. तो कोणत्याही दरवाजाला हात लावत नाही, स्वतःच पाणी धरून ठेवतो. म्हणून तो भरपूर पाण्यासोबत घ्यायचा असतो. कोरडा गिळला तर घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. सरबतातला सब्जाही भिजवूनच वापरायचा तो याचसाठी. घोलवडच्या पिकलेल्या चिकूतही धागा भरपूर असतो. कच्चा चिकू मात्र तुरट, त्यातील टॅनिनमुळे पोट आवळणारा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मधुमेह असलेल्यांनी त्या कौतुकात दुसरा चिकू उचलू नये.

रमजानमध्ये बद्धकोष्ठतेची तक्रार वाढते. दिवसभर पाणी न मिळाल्याने मेंदूतून एक संप्रेरक सुटते, मूत्रपिंडातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ॲक्वापोरिनचे दरवाजे उघडतात आणि लघवीतले पाणी परत घेतले जाते. मोठे आतडेही हात आखडते. काहीजण सहेरीच्या शेवटच्या दहा मिनिटांत दोन लिटर पाणी रिचवतात. त्याचा उपयोग थोडाच, कारण रक्त एकदम पातळ झाले की तेच संप्रेरक थांबते, दरवाजे बंद होतात आणि पाणी दोन-तीन तासांत लघवीवाटे निघून जाते. इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडे थोडे पिणे, आणि सहेरीला डाळ, भाजी, नाचणी किंवा अख्ख्या धान्याची भाकरी असणे, याने पाणी आतड्यात जास्त वेळ टिकते. इफ्तारला खजूर आणि पाणी हा तर साखर आणि पाण्याचा जुना मेळ आहेच. त्यासोबत चिमूटभर मीठ असलेला शोरबा किंवा ताक आले की वाहक प्रथिनाची दोन्ही मागणी पूर्ण होते. तळलेली भजी त्यानंतर आली तरी चालतील.

रोजा असताना जुलाब सुरू झाले तर मात्र वाट पाहत बसू नये. आजारी माणसाला सवलत आहे आणि तो रोजा नंतर भरून काढता येतो. वयस्कर माणसे हे ऐकायला सहसा तयार नसतात, आणि मगरिबपर्यंत थांबलेल्या माणसाला रात्री सलाइन लावावी लागते. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार असलेल्यांनी रमजानच्या आधीच्या महिन्यात डॉक्टरांना भेटून पाण्याचे आणि औषधांचे वेळापत्रक ठरवून घ्यावे. घरात ओआरएसची चार-पाच पाकिटे मात्र बाराही महिने असावीत. पाकिटावरची मुदत तपासावी आणि पावसाळ्यात ती झाकणाच्या डब्यात ठेवावीत, कारण ओलीने त्यातली पूड दगडासारखी घट्ट होते.